अकरा गाड्या, नऊ चिकटपट्ट्या

१

अकरावं खोकं उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आत एअरबॅग होती, पण ती नवीकोरी होती. असायला हवी होती जुनी, सदोष, कंपनीला परत पाठवायची. बाकीच्या दहा खोक्यांत तशाच निघाल्या. या एकाच खोक्यात प्लॅस्टिकसुद्धा न निघालेला नवा माल होता आणि त्याच्याभोवती लाल-पिवळा नाडा गुंडाळून नीट गाठ मारलेली होती.

मी दिनकरराव. परभणीला जिंतूर रोडवर गोदाई मोटर्स नावाचं वर्कशॉप आहे, तिथला स्टोअरकीपर. एकतीस वर्षं झाली. माझ्या स्टोअरचा एकच कायदा आहे : जुनं द्या, नवं घ्या. जुना बल्ब दाखवल्याशिवाय मी मालकालाही नवा बल्ब दिलेला नाही. मागून लोक मला कंजूष म्हणतात, समोर कुणाची हिंमत होत नाही.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीचं पत्र आलं होतं. काही ठरावीक सालच्या गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग खराब निघाली होती. या पिशवीच्या पोटात एक लोखंडी डबी असते. धक्का बसला की डबीतली पूड पेटते, पिशवी फुगते आणि माणूस वाचतो. पण या गाड्यांतली पूड उन्हानं आणि दमटपणानं बिघडली होती. अशी पूड पेटली की डबीच फुटते आणि पत्र्याचे तुकडे समोर बसलेल्याच्या गळ्यात शिरतात. दुसऱ्या एका जिल्ह्यात एक गाडी पुढच्या ट्रॉलीवर जेमतेम आदळली. बंपर कसाबसा वाकला होता, पण शेजारी बसलेल्या माणसाचा डोळा गेला.

आपल्या जिल्ह्यात अशा गाड्या अकरा. नव्या एअरबॅगा अकरा आल्या, अकरा बसल्या, मालकांना अकरा प्रमाणपत्रं गेली. जुन्या अकरा खोक्यांत सीलबंद होऊन माझ्या जाळीच्या खोलीत आल्या. आमचे मॅनेजर गोपीचंद यांनी ‘शंभर टक्के काम पूर्ण’ असं स्टेटस ठेवलं ते आठवडाभर काढलंच नव्हतं.

खोकी न्यायला कंपनीची माणसं महिनाअखेरीला यायची होती. पण त्या बुधवारी सकाळी, पंधरा दिवस आधीच, एक बाई स्वतः गाडी चालवत आल्या. योगिनी पाथरीकर, कंपनीच्या तपासनीस. वय पस्तिशीच्या आत, पायात पळायचे बूट, बोलणं मोजकं. जन्म पाथरीचा, त्यामुळे त्यांना आपल्याकडच्या थापा पचत नाहीत हे मला पाचच मिनिटांत कळलं. त्यांनी सगळी सीलं स्वतःच्या हातानं फोडली.

त्या नव्या एअरबॅगेवरचा नाडा त्यांनी बोटानं उचलून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, दसऱ्यापासून इथं जॅकलाही नाडा बांधलेला आहे, त्यात काय विशेष? त्यांनी नाडा तसाच ठेवला.

“दिनकरराव,” त्या म्हणाल्या, “नवी इथं आहे. म्हणजे एका गाडीत जुनीच फिरतेय. आणि मालकाच्या खिशात आपलं प्रमाणपत्र आहे.”

कोणत्या गाडीत, हे मी विचारणार होतो. पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच सांगायचं होतं.

२

योगिनीताईंनी पहिलं काम योग्य केलं. काउंटरवरच्या राजेश्रीला अकराही मालकांना फोन लावायला बसवलं : पुढे डाव्या सीटवर कुणीही बसू नका, आणि समोरच्या फळीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, देव वगैरे काय आहे तेवढं सांगा. हा दुसरा प्रश्न कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. मग त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन केला. जुनी कोणती डबी कोणत्या गाडीत बसवली होती हे त्यांच्या कागदांत होतं, पण शोधून कळवायला संध्याकाळ होणार होती.

गोपीचंद लगेच म्हणाले, मग संध्याकाळपर्यंत थांबू, उगाच बोभाटा कशाला. योगिनीताईंनी विचारलं, संध्याकाळपर्यंत ती गाडी किती वेळा ब्रेक मारेल? गोपीचंदांनी खिशातून रुमाल काढला.

मग त्यांनी तोफ माझ्याकडे वळवली. जाळीची किल्ली फक्त दिनकररावांकडे असते, खोकी यांच्याच ताब्यात होती, बाजारात एअरबॅगेला केवढी मागणी आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर हे ऐकायला मिळालं. माझे कान तापले आणि मी काहीतरी वाईट बोलणार होतो, तेवढ्यात योगिनीताईंनी हात वर केला.

“चोरी असती तर नवी गायब झाली असती,” त्या म्हणाल्या. “इथं नवी जपून ठेवलीय. ज्यानं हे केलं त्याला ती विकायची नव्हती. त्याला ती बसवायची नव्हती, निदान आत्ता तरी. का, ते शोधायचंय.”

मग त्यांनी जॉबकार्डांचा गठ्ठा मागवला. प्रत्येक नव्या एअरबॅगेबरोबर नंबराचं एक स्टिकर येतं. ज्या गाडीत ती बसते, त्या गाडीच्या कार्डावर ते चिकटवायचं. खोक्यात सापडलेल्या एअरबॅगेचा नंबर आम्ही कार्डांवर शोधला आणि तो मिळाला. गाडी श्रीराम सरांची. सर निवृत्त मुख्याध्यापक, शेजारच्याच कॉलनीत राहणारे. दहा मिनिटांत ते गाडी घेऊन हजर झाले, मागच्या सीटवर बसून, भाच्याला चालवायला लावून. शिक्षक माणूस, सूचना तंतोतंत पाळणार.

त्यांच्या गाडीत समोरची फळी अगदी मोकळी होती. ना गणपती, ना लिंबू-मिरची. मी सहज म्हणालो, सर, देव नाही ठेवला? तर म्हणाले, नावात आहे तेवढा पुरे.

योगिनीताईंनी स्वतः पाना घेतला. फळी निघाली. मी, गोपीचंद आणि राजेश्री माना वाकवून उभे होतो.

आत एअरबॅग होती, झळझळीत, नवी. नंबर भलताच.

३

राजेश्रीला रडू फुटलं. बिचारीचा दोष एवढाच की तिनं ऐकलं. मागल्या महिन्यात, काम संपलं त्या शनिवारी संध्याकाळी गोपीचंदांनी सगळी कार्डं आजच बंद कर म्हणून तगादा लावला होता. सटवाजीनं अकरा स्टिकरं एकाच पाकिटात आणून दिली होती, तिनं ती वरून खाली क्रमानं चिकटवून टाकली. म्हणजे कोणत्या गाडीत कोणती एअरबॅग, हे सांगणारा आमचा सगळा कागद रद्दी होता.

सटवाजी आमचा मेकॅनिक. एअरबॅगेचं प्रशिक्षण घेतलेला एकटाच. अकराही गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या. साहजिकच सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव आलं आणि गोपीचंद म्हणाले, तरी मी म्हणत होतो. ते काहीच म्हणत नव्हते, पण असो. सटवाजी दोन दिवस रजेवर होता. पाहुण्यांकडे कंदुरी होती, म्हणजे बोकडाचं जेवण, डोंगरातल्या कुठल्याशा दर्ग्याजवळ. त्याचा मोबाईल एकच वाक्य बोलत होता : संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

मी योगिनीताईंना सांगितलं की हा माणूस कामचुकार नाही. अठरा वर्षांत एक बोल्ट सैल सोडला नाही त्यानं. उलट जरा जास्तच करतो. समोरच्या फळीवर देव असेल तर आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुतो, मग देव उचलतो, ताटात ठेवतो, ताट माझ्या टेबलावर आणून ठेवतो. काम झालं की परत हात धुऊन देव होता त्या जागी, होता त्या तोंडानं बसवतो. आणि अशा माणसानं एक गाडी सोडून दिली?

तोवर राजेश्रीनं डोळे पुसून हिशेब सांगितला. श्रीराम सर धरून आठ मालकांशी बोलणं झालं होतं. आठही जण डावी सीट मोकळी ठेवणार होते. सर सोडून सातही जणांच्या गाडीत देव होते, कुणाचा गणपती, कुणाचा बुद्ध, एकाचं दर्ग्याचं चित्र, आणि सगळे चिकटवलेले. तिघं फोन उचलत नव्हते. सेलूचे कापसाचे व्यापारी माधवराव, येलदरीचे मासळीवाले, आणि राणीसावरगावचा आदिनाथ नावाचा शेतकरी.

योगिनीताईंनी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडे पाहिलं. सेलू पश्चिमेला, येलदरी उत्तरेला, राणीसावरगाव दक्षिणेला. गाडी आमच्याकडे धावायला एकच, आणि एअरबॅग बसवता येणारं माणूसही आता एकच, त्या स्वतः.

“यातला आदिनाथ,” राजेश्री हळूच म्हणाली, “त्याची बायको पोटुशी हाय मॅडम. राणी नाव तिचं. मागल्या महिन्यात प्रमाणपत्र न्यायला दोघं आलते. दिवस भरत आलेत म्हनत होती. तपासनीला त्याच गाडीत परभणीला येती.”

माझ्या डोळ्यांसमोर ती पोरगी उभी राहिली. हिरव्या साडीतली, पोटावर हात ठेवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली. मीच तिला पाणी दिलं होतं.

४

गोपीचंद म्हणाले, मग सरळ राणीसावरगावलाच चला. योगिनीताई नाही म्हणाल्या. जिची कीव येते तिच्याकडे धावणं सोपं आहे, पण खराब एअरबॅग सेलूच्या गाडीत असेल तर? तिथंही कुणाची तरी लेक पुढे बसलेली असेल.

मग त्या माझ्याकडे वळल्या. “काका, देव परत चिकटवायला सटवाजी काय वापरतो?”

मी म्हणालो, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी. माझ्याकडूनच नेतो.

“आणि तुमचा कायदा काय?”

जुनं द्या, नवं घ्या. मी हे म्हणता म्हणताच टेबलाखाली वाकलो होतो. तिथं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. देवाखालून निघालेली जुनी पट्टी आणून दिल्याशिवाय मी सटवाजीला नवी कधी दिली नाही. हळदी-कुंकू लागलेली असते म्हणून कचऱ्यात टाकवत नाही. डबा भरला की गोदावरीत सोडतो. आजवर लोक माझ्या या डब्याला हसत आले होते. त्या दिवशी मी तो दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

मागचा डबा मी दिवाळीतच रिकामा केला होता आणि त्यानंतर देव उचलला गेला तो या एअरबॅगांसाठीच. आम्ही पट्ट्या मोजल्या. नऊ.

“अकरा गाड्या,” योगिनीताई बोटांवर मोजत म्हणाल्या. “सरांच्या गाडीत देव नाही, एक गेली. उरल्या दहा. दहा देव उचलले असते तर पट्ट्या दहा असत्या. आहेत नऊ. एका गाडीतला देव सटवाजीनं उचलला नाही. आणि देव उचलल्याशिवाय फळी निघत नाही.”

आता माझंही डोकं धावायला लागलं. फोनवर बोललेल्या सात जणांच्या सात पट्ट्या. उरल्या दोन, आणि गाड्या तीन. त्या दोन कुणाच्या हे कळलं की तिसरी गाडी आपोआप सापडत होती.

आम्ही पट्ट्या उजेडात एकेक करून पाहू लागलो. जुन्या चिकट पट्टीला गाडीतलं सगळं जग येऊन चिकटतं. कुठं उदबत्तीची राख, कुठं तंबाखूचा चुरा. पाचव्या पट्टीच्या कडेनं पांढरी लव होती. मी फुंकर मारली, हलली नाही. कापसाचे तंतू, आत रुतून बसलेले.

“सेलू,” मी म्हणालो.

आठवी पट्टी योगिनीताईंनी तिरकी धरली. तिच्या कोपऱ्यात नखाएवढं काहीतरी चकाकलं. मी नाकाजवळ नेली आणि लगेच दूर केली. माशाचा खवला होता. येलदरीच्या धरणातली मासळी त्या गाडीतून रोज बाजारात येते, आणि तिच्या वासावरून मी सटवाजीशी भांडलोही होतो.

उरली राणीसावरगावची. मी खिशातून मोबाईल काढला आणि आदिनाथच्या घरचा नंबर पुन्हा लावला. या वेळी उचलला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, धाप लागलेला. आदिनाथची आई, तानुबाई. ती सगळ्यांना निरोप द्यायला वेशीपर्यंत गेली होती, म्हणून फोन वाजून वाजून थांबला होता.

मी आदिनाथला द्या म्हणालो.

“त्यो कुठला आता. सूनबाईला कळा लागल्यात. परभनीला घिऊन गेलाय, अर्धा तास झाला की. त्याला फोन लावू नगा, गाडी चालवताना उचलत न्हाई त्यो. म्याच शपथ घातलीय.”

“मावशी, सूनबाई कुठं बसल्यात?”

“म्होरं. मागं बसली की तिला मळमळतंय. मागं तिची माय हाय, दैवशाला.”

मी विचारलं की गाडीत समोर कोणता देव चिकटवलाय.

“चिकटवलेलं काई न्हाई बाबा,” तानुबाई म्हणाली. “फळीच्या जाळीला बांधलेलं हाय, लाल खणात. सटवाईचा नवस हाय. सात वर्सांनी दिस गेलेत तिला. लेकरू होईस्तोर ती गाठ कुनी सोडायची न्हाई.”

५

मी त्या दिवशी मागच्या सीटवर बसलो. मांडीवर नव्या एअरबॅगेचं खोकं होतं. योगिनीताई गाडी चालवत नव्हत्या, हाणत होत्या. पोलिसांना फोन झाला होता, पण पांढऱ्या गाड्या काय एक-दोन असतात? राणीचा मोबाईल वाजत होता आणि कुणी उचलत नव्हतं. डिकीतल्या पिशवीत बाळंतपणाच्या कपड्यांखाली तो असणार.

गंगाखेड रोडला लागलो तशी योगिनीताईंनी विचारलं, “सटवाजी हे नाव कशावरून?”

आपल्याकडे कुणालाही विचारा. सटवाईला नवस बोलून पोर झालं की त्याचं नाव सटवाजी. त्याच्या आईची चार लेकरं गेली होती, हा पाचवा. लहानपणी आठ वर्षं त्याच्या गळ्यात तांब्याचा ताईत होता, असं तो स्वतः सांगायचा. मी हे सांगत असताना माझं मलाच उमगलं आणि मी मांडीवरच्या खोक्याकडे पाहिलं. तो लाल-पिवळा नाडा.

“त्यानं खूण बांधून ठेवली होती,” योगिनीताई म्हणाल्या. “ही राणीची. बाळंतपण झालं, गाठ सुटली की बसवायची. महिनाअखेरीपर्यंत होऊन जाईल असा त्याचा अंदाज. मी पंधरा दिवस आधी आले.”

म्हणजे चोर नाही, आळशी नाही. दुसऱ्याचा नवस मोडू नये म्हणून एका भल्या माणसानं त्या बाईच्या छातीसमोर सुरुंग तसाच राहू दिला होता. मला त्याचा राग आला आणि त्याच दमात रडूही आलं.

ऊसतोडीचे दिवस. रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेला, एकेकीला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल कापड. अशा ट्रॉलीनं अचानक ब्रेक मारला तर मागचा काय करणार, हा विचार मी मनातून काढत होतो आणि तो परत येत होता. योगिनीताई समोरून येणारी प्रत्येक पांढरी गाडी पाहत होत्या. दैठण्याच्या अलीकडे त्या एकदम म्हणाल्या, “काच बघा, काच.”

समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेतून लाल गाठोडं दिसत होतं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मी उतरून रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो. अठ्ठावन्न वर्षांचा, टकलू, खाकी शर्टातला माणूस. आदिनाथला मी वर्गणी मागणारा वाटलो असणार. त्यानं हॉर्न दाबून धरला, गाडी मातीत उतरवली आणि माझ्या कोपराला वारा लावून निघून गेला. जाताना मला ती दिसली. मान मागे टाकलेली, दोन्ही हात पोटावर. आणि तिच्यासमोर वीतभर अंतरावर ते गाठोडं.

आम्ही वळून पाठलाग सुरू केला. योगिनीताई दिवे मारत होत्या, तसतसा आदिनाथ जोरात पळत होता. बायको विव्हळतेय आणि मागे कुणीतरी लागलंय, तो थांबेल कसा? पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या होत्या. त्यांच्यापुढे अरुंद पूल. पुलाच्या तोंडाशी ट्रॅक्टर दचकून थांबला.

आदिनाथच्या गाडीचे मागचे दिवे लाल झाले. चाकं कळवळली. मी डोळे मिटले आणि आवाजाची वाट पाहिली.

आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा त्याच्या बंपरमध्ये आणि ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसात हातभर अंतर होतं. मी पळत सुटलो. एवढा मी माझ्या लग्नातही पळालो नव्हतो. डावं दार उघडलं तोवर आदिनाथ पलीकडून जॅक घेऊन उतरला होता आणि तो जॅक माझ्या डोक्यात घालणार होता, यात मला आजही शंका नाही.

योगिनीताई त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “दादा, तुमच्या गाडीतली एअरबॅग बदललेली नाही. आमची चूक आहे. ताईंना आधी माझ्या गाडीत, मागं झोपवा. मग मला काय मारायचं ते मारा.”

जॅक त्याच्या हातातून खाली पडला. राणीनं माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं. “पाणी दिलं हुतं तुमी,” ती म्हणाली. मग तिला कळ आली आणि तिनं माझा हात असा धरला की वळ दोन दिवस राहिले.

आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती योगिनीताईंच्या गाडीत परभणीला गेली. मी आदिनाथच्या मागच्या सीटवर बसून त्याची गाडी बैलगाडीच्या वेगानं वर्कशॉपला आणवली. दिवस मावळायच्या आत राणीला मुलगी झाली. त्यानंतर थोड्या वेळानं मुख्य कार्यालयाचा निरोप आला : न बदललेली गाडी राणीसावरगावची असावी. मी राजेश्रीला म्हणालो, आभार कळव त्यांना.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी कंदुरीच्या मटणाचा डबा घेऊन हसत आत आला. अंगणात आदिनाथची गाडी पाहिली आणि जागेवरच थांबला. त्याला कुणी काही विचारायची गरज पडली नाही.

“ती गाठ बघितली आन माजा हातच उठला न्हाई,” तो योगिनीताईंना म्हणाला. “गाडी ड्रायव्हर घिऊन आलता, घरचं कुनी न्हवतं. म्या इचार केला, बाळंतीन झाली की सोता गावी जाऊन बसवीन. म्याडम, तुमी माजंच नाव लिवा.”

त्यांनी अहवालात ते आधीच लिहिलं होतं. त्याखाली गोपीचंदांचं होतं, आणि त्याखाली माझंही. प्रत्येक गोष्ट उघडून बघणाऱ्या दिनकररावांनी सीलबंद खोकी मात्र न उघडता घेतली होती. मी वाद घातला नाही.

तेवढ्यात रिक्षातून तानुबाई उतरली. आदल्या संध्याकाळीच बसनं आली होती, रात्रभर दवाखान्यात बसून होती. नातीचं तोंड बघून आता नवसाची गाठ सोडायला आली होती. कोण सटवाजी, तिनं विचारलं. तो पुढे झाला आणि मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, म्हातारी याच्या कानाखाली वाजवणार, आणि वाजवायलाच हवी.

तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तू बी सटवाईचाच व्हय रं?” तो हो म्हणाला. “मंग तुला एवढं बी कळू नये? गाठ म्या बांधली हुती. मला एक फोन लावायचा हुता. म्याच यिऊन सोडली असती, तुजं काम झाल्यावर दुसरी बांधली असती. नवस काय गाठीसाटी केला हुता व्हय?”

सटवाजीच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

तानुबाईनं गाडीत वाकून गाठीला हात घातला. पण तिची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, गाठ सहा महिन्यांची. दोनदा प्रयत्न करून ती बाजूला सरली. “सोड तूच,” ती म्हणाली. “म्या सांगायलेय न्हवं.”

सटवाजीनं कोपरापर्यंत हात धुतले. डोळे मिटून इंजिन खोलणारा माणूस, पण ती एक गाठ सोडायला त्याला दहा मिनिटं लागली. नारळ, हळकुंडं आणि सुपारी त्यानं तानुबाईच्या ओटीत घातली, लाल खण घडी करून तिच्या हातात दिला. मग फळी काढली, जुनी एअरबॅग बाहेर घेतली, नवी बसवली. जुनी त्यानं स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी या वेळी खोक्यात नीट डोकावून मगच सील लावलं.

सटवाजीला तीन महिने एअरबॅगेच्या कामापासून लांब ठेवलं. आमच्या जॉबकार्डावर आता एक नवीन रकाना आहे : समोर देव किंवा नवसाचं काही आहे का, आणि ते उचलायला कुणाला विचारलं? गाडीच्या मालकाच्या सहीशिवाय मी कुणालाही एअरबॅग देत नाही.

दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. अकराही जुन्या एअरबॅगा पोलादी पेटीत ठेवून उडवून पाहिल्या होत्या. दहा नीट फुगल्या. एकीची डबी फुटली, चौदा तुकडे झाले. खाली तिचा नंबर होता. तो कोणत्या गाडीचा, हे शोधायला मला कागद लागला नाही. मी ते पत्र सटवाजीला वाचून दाखवावं की नाही याचा दोन दिवस विचार केला, आणि दाखवलं. तो पाना खाली ठेवून बाकावर बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही.

त्याच आठवड्यात आदिनाथची गाडी सर्व्हिसिंगला आली. राणी मागच्या सीटवर बसली होती, तोंडाला रुमाल लावून, मळमळ तशीच होती. मांडीवर मुलगी. तिच्या डोक्यात लाल टोपडं होतं आणि त्यावर जुन्या गाठीच्या सुरकुत्या अजून दिसत होत्या. तानुबाईनं नवसाच्या खणाचं शिवलं होतं ते.

राणीनं काच खाली केली आणि सटवाजीला म्हणाली, “दादा, घ्या की जरा हिला.”

सटवाजीनं दोन्ही हात पुढे केले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मागे घेतले. मग तो वळून नळाकडे गेला. मी माझ्या टेबलावरून पाहत होतो. कोपरापर्यंत साबण लावून तो सावकाश हात धूत होता.